रुपरावची रेघ

त्या हंगामात रुपराव हटवारच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडू. पैसा म्हणाल तर डिझेल, पट्टे आणि टायर यांनी आपापला वाटा उचलल्यावर उरायचा तो आलेल्या लेकींना लुगडी घेण्यापुरता. खरी कमाई दुसरी होती. कापलेल्या धानाच्या पेंढ्यांचे ढीग, म्हणजे पुंजणे, रचून झाले की गावातला जो तो एकदा तरी रुपरावच्या ओट्यावर येई, उगाच हवापाण्याचं बोले आणि उठता उठता विचारी, "भाऊ, आमचा नंबर कवा?" ज्याच्या पुंजण्यापाशी त्याचं मळणीचं थ्रेशर उभं राही, तिथे रुपरावसाठी प्लॅस्टिकची खुर्ची आधी येई आणि चहाही आधी त्यालाच. पुढे उन्हाळ्यात लग्नाच्या पंगतीत वाढणारा त्याच्यापाशी दोनदा वाकत असे. एरवी धानाच्या चार बांध्यांएवढ्याच शेताचा धनी असलेल्या या माणसाला वर्षातून महिनाभर पाटीलकी मिळायची, आणि ती थ्रेशरच्या ढोलाबरोबर फिरायची. ढोल थांबला की तीही थांबणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

यंदा ढोल थांबणं गावालाही परवडणारं नव्हतं. पाऊस लांबल्यामुळे बांध्यांत ओल होती. हार्वेस्टर रुतला असता. आणि नसता रुतला तरी तो तणसाचा भुगा करतो, आमच्या जनावरांना लांब तणस लागतं. पुंजणे उघड्यावर उभे होते. मौद्याच्या वीज प्रकल्पाच्या चिमण्यांमागे रोज दुपारी ढग जमत आणि येऊ की नको असं करत तिथेच बसून राहत.

रुपरावच्या हातात एक कला होती, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तरुणपणी तो रामटेकला भांड्यांच्या दुकानात कामाला होता. आहेराच्या भांड्यांवर नावं टाकायची, छिन्नी आणि हातोडीनं. पुढे विजेवर चालणारी लेखणी आली आणि दुकानदारानं त्याला घरी पाठवलं. पण त्या लेखणीचं अक्षर पाहावं तर मुंग्यांची रांग. रुपरावचं अक्षर म्हणजे पाटीवर गुरुजींनी घालून दिलेला कित्ता. विशेष त्याची वरची रेघ. अक्षरं कोणीही कोरील, शिरोरेषा सरळ ओढणं अवघड. रुपराव आधी रेघ ओढायचा, छिन्नी न उचलता, टक टक टक करत एका दमात. मग तिला अक्षरं टांगायचा. वाळत घातलेल्या कपड्यांसारखी ती त्या रेघेला लटकत, एकही खाली घसरत नसे.

दुकान सुटलं, सवय सुटली नाही. घरातल्या विळ्यांवर नाव होतं, कुऱ्हाडीवर होतं, बादलीवर, मोटारपंपावर, खाटेच्या पट्टीवर, एवढंच काय, वच्छलाबाईंच्या अडकित्त्यावरही. वच्छलाबाई म्हणजे त्याची बायको. ती शाळेत गेली नाही. नवऱ्यानं कोरलेल्या भांड्यांवर बोट फिरवून अक्षरं शिकली. तिला वर्तमानपत्र वाचता येत नसे, पण भांडं कोणाच्या घरचं ते अंधारातही सांगता येई. शेजारचा दुर्गेश म्हणायचा, "रुपरावभाऊच्या आंगनात जास्त वेळ उभं राहू नोका, नाव टाकतीन."

चेष्टेचा भाग सोडला, तर रुपरावचं म्हणणं खोटं नव्हतं. लग्नाकार्यात गेलेली परात परत येते ती दुसऱ्याचीच, आणि दुरुस्तीला दिलेल्या मोटारीच्या पोटातलं तांब्याचं तार बदललेलं निघतं. म्हणून मागच्या वर्षी थ्रेशरचा ढोल ज्यावर फिरतो तो जुना, कंपनीचा शाफ्ट बेरिंगपाशी झिजला, आणि मौद्याच्या अश्विनच्या लेथवर नवा कातून आणला, तेव्हा रुपरावनं तो अंगणात पोत्यावर ठेवला आणि छिन्नी घेतली. जागा त्यानं विचार करून निवडली. शाफ्टचा बहुतेक भाग ढोलाच्या आत जातो. बेरिंगच्या बाहेर आणि पुलीच्या आत वीतभरही जागा उरत नाही. पण वरची जाळी उचलली की तेवढीच सगळ्यांना दिसते. तिथे, शाफ्टच्या गोलाईभोवती, अर्ध्या बांगडीसारखी रेघ ओढून त्यानं 'रुपराव' कोरलं. लोखंडावरचं काम ते, पितळेसारखं नाजूक मारून चालत नाही. छिन्नी चांगली आत बसवली. तो हंगाम संपत आला होता, म्हणून त्या शाफ्टनं थोडीच चुरणी, म्हणजे मळणी, केली, आणि या वर्षी दुर्गेशच्या पुंजण्यापाशी कामाला लागला.

थ्रेशरच्या तोंडाशी बाबूलाल होता. बाबूलालला शेत नाही. त्याचा हात हेच त्याचं शेत. पेंढी अंगावर आली की डाव्या हाताने झेलायची, उजव्या हातातल्या विळ्याने बंध कापायचा, पंख्यासारखी पसरवायची आणि लोंब्यांच्या बाजूने सोडायची, ही चार कामं तो एका हालचालीत उरकायचा. ढोलाचा आवाज दिवसभर एकाच सुरात. दुसरा कोणी तोंडाशी उभा राहिला की मशीन खोकतं, गुरगुरतं. बाबूलाल असला की रुपराव खुर्चीत डोळे मिटून बसे आणि नुसत्या आवाजावरून सांगे की पुंजणा किती उरला. ओली पेंढी तळव्याला कळे. ती तो न पाहता मागे उन्हात फेकी. त्याबद्दल प्रत्येक पुंजण्यामागे त्याला धानाचं माप मिळे, आणि त्यात त्याचं आणि बायको सुभद्राचं वर्षाचं भाताचं भागे.

त्या दिवशी दुपारची जेवणं होऊन मशीन पुन्हा सुरू झालं होतं. एक 'टन्न' असा आवाज झाला, देवळाची घंटा निसटून पडल्यासारखा. पुली पट्ट्यासकट उडाली आणि तणसाच्या ढिगात जाऊन रुतली. रुपरावचा मुलगा हेमराज ट्रॅक्टरवर होता; त्यानं इंजिन बंद करेपर्यंत पट्टा सापासारखा तडफडत होता. कोणाला लागलं नाही. बाया पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

शाफ्ट पुलीपाशी आरपार तुटला होता.

रुपराव खुर्चीतून उठून आला. तुटल्या जागेकडे पाहिलं, मग वर बाबूलालकडे. ओल्या पेंढ्या कोंबल्याशिवाय एवढं लोखंड तुटत नाही, असं तो म्हणाला. आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. बाबूलाल खाली उतरला, अंगावरचा भुसा झटकला आणि शांतपणे म्हणाला की पेंढ्या कोरड्या होत्या, पुंजणा समोर आहे, भाऊंनी हात लावून पाहावा. हात लावून पाहायला सांगणं रुपरावला झोंबलं.

"मले शिकवतं का तू? लोखंड काय आपोआप तुटते?"

"लोखंडाचं मले नाही समजत, भाऊ. धानाचं समजते."

"समजते तं घरी जाऊन समज. माहा इळा दे."

विळ्याच्या पात्यावर, मुठीजवळ, रुपरावचं नाव होतं. बाबूलालनं तो त्याच्या हातात दिला नाही. जमिनीवर ठेवला, पातं आपल्याकडे करून, आणि धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून, निघून गेला.

गावात बातमी ढोलापेक्षा वेगानं फिरते. संध्याकाळपर्यंत बाबूलालनं मशीन मोडलं असं ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी तो मशीनच मोडत असतो असं झालं. नदीपलीकडच्या थ्रेशरवाल्याकडे तो विचारायला गेला तर त्यानं चहा पाजून परत पाठवलं. मग बाबूलाल सुभद्राबरोबर तणसाचे भारे वाहू लागला. डोक्यावर भारा, डोळ्यांवर तणस. त्या निमित्ताने कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नसे. मशीनच्या तोंडाशी उभं राहण्याचं काम गेलं, तर वर्षभराचा भात गेला, आणि ते काम लोकांच्या भरवशावर मिळतं. भरवसा नवीन करून देणारा लेथ कुठे नसतो.

हेमराज नवा शाफ्ट करायला मौद्याला गेला. अश्विननं त्याला विचारलं की तुटलेले तुकडे कुठे आहेत, मला पाहायचे आहेत. हेमराजनं नुसतं माप पुढे केलं. तुकडे रुपरावनं द्यायला नकार दिला होता. लेथवाल्यानं हलकं लोखंड खपवलं असणार, अशी त्याला दुसरी शंका होती. पुरावा चोराच्याच हाती कसा द्यायचा? दोष बाबूलालचा की अश्विनचा, हे त्यानं अजून ठरवलं नव्हतं. दोघांपैकी एकाचा आहे, एवढं ठरवलं होतं.

नवा शाफ्ट घरी आला तसा अंगणात पोतं पसरलं गेलं. हेमराज म्हणाला, बाबा, या खेपेस राहू द्या, दुर्गेशभाऊ वाट पाहून राहिले. रुपराव म्हणाला की उलट या खेपेसच नीट टाकलं पाहिजे. आधीचं नाव थोडक्यात आटोपलं होतं. या वेळी आडनावही घातलं. 'रुपराव हटवार'. रेघ लांबली, जवळजवळ शाफ्टला वेढा घालून आली. आणि खोल, म्हणजे कोणी कानस मारली तरी जाणार नाही अशी. काम झाल्यावर त्यानं अंगठा फिरवून पाहिला. अक्षर खरोखर सुंदर आलं होतं. जुनी माणसं देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेत, त्यांनाही इतकं सुबक मिळालं नसेल.

मशीनच्या तोंडाशी आता हेमराज स्वतः उभा राहिला. पेंढ्या दुर्गेशनं उन्हात उलटून पालटून वाळवलेल्या. हेमराज एक एक पेंढी अशी सोडत होता, जणू आजारी माणसाला पेज पाजतोय. रुपराव खुर्चीत सावध बसला होता. चहा यायचा होता.

तेवढ्यात पुन्हा तोच आवाज.

 या वेळी बोल लावायला कोणी उरलंच नव्हतं. हेमराज वरच उभा होता, हातात अर्धी पेंढी. रुपराव मशीनपाशी गेला, जाळी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. मागे वळला तेव्हा दुर्गेश खुर्ची उचलून घराकडे नेत होता. रागानं नाही, ऊन लागून प्लॅस्टिक खराब होतं, असं तो म्हणाला. मग जाता जाता ढगांकडे पाहून सांगितलं की नदीपलीकडचं मशीन परवा मोकळं होतंय, विचारून ठेवलं आहे. चहाचं नाव निघालं नाही.

शाफ्टचे चारही तुकडे अंगणात भिंतीशी पडले. वच्छलाबाई झाडता झाडता तिथे आली, झाडू बाजूला ठेवला आणि बसली. फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे बाया जुळवून पाहतात, तसे तिनं ते जोडीजोडीनं जुळवले. नाव बोटानं वाचलं. मग तुकडे वेगळे केले आणि पुन्हा वाचलं.

रुपराव खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"आयकलं का जी?" ती म्हणाली. "हे दोनी तुमच्या रेघेतूनच तुटले."

त्यानं मान वळवली नाही.

"पहा ना. एका तुकड्याले नुसती रेघ लागून हाय. अक्षरं सारे दुसऱ्याले. पहिल्याचंही तसंच. जसं काही कोणं इळ्यानं कापलं."

"तुले काय समजते वं शाफ्टातलं?"

"शाफ्टातलं नाही समजत. तुमचं अक्षर समजते."

तो उठून तिच्यावर ओरडला. बायकांनी लोखंडात बोट घालायला सुरुवात केली म्हणूनच घराला ही कळा आली, असं काहीतरी. ऐकणाऱ्यालाही ते मनापासूनचं वाटलं नाही. वच्छलाबाई झाडू घेऊन पुढे झाडत गेली.  मग रुपराव खाली बसला आणि त्यानं तुकडे स्वतः जुळवले, वेगळे केले, पुन्हा जुळवले. नंतर गोणपाटात बांधले आणि हेमराजला म्हणाला, गाडी काढ.

अश्विन तिशीचा. नागपूरला डिप्लोमा करून काही वर्षं वीज प्रकल्पाच्या दुरुस्तीवाल्या ठेकेदाराकडे राबला, मग मौद्यात स्वतःचा लेथ टाकला. बोलणं तिखट, हात गोड. त्यानं तुकडे रॉकेलनं धुतले, फडक्यानं पुसले आणि दारात उजेडाला धरले. लोखंड वाचायची त्याची पद्धत पाहण्यासारखी होती: आधी काहीच बोलत नाही, तुकडा कलता करतो, डोळा बारीक करतो, नखानं चाचपतो, वैद्य नाडी पाहतो तसा.

मग त्यानं तुटलेलं तोंड रुपरावपुढे धरलं. काठापासून आतपर्यंत बराच भाग गुळगुळीत होता, घासल्यासारखा, आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा बारीक बारीक वळणाच्या रेषा. पलीकडचा थोडासा भाग मात्र खडबडीत, फोडलेल्या गुळासारखा चकचकीत दाण्यांचा.

"हा दानेदार भाग हाय ना, काकाजी, तेवढा त्या दिवशी तुटला. बाकीचा आधीच तुटून होता."

रुपरावनं विचारलं, आधी म्हणजे कधी?

अश्विननं समजावून सांगितलं. पट्टा पुलीला एकाच बाजूला ओढतो आणि शाफ्ट फिरतो. म्हणजे फिरताना प्रत्येक जागा एकदा ताणली जाते, एकदा दाबली जाते. तार वाकवून सरळ करत राहावी तसं, दिवसभर. धडधाकट शाफ्ट हे वर्षानुवर्षं सोसतो. पण कुठे ओरखडा असला की सगळा ताण तिथे जमतो. तिथे भेग सुरू होते, केसाएवढी. रोज थोडी आत जाते. त्याच या शिंपल्याच्या रेषा, भेग जिथे जिथे थांबत पुढे गेली तिथल्या. आणि उरलेलं लोखंड भार पेलेनासं झालं की मग 'टन्न'. बाहेरून काही दिसत नाही. त्या वेळी जो जवळ उभा असतो, त्याचं नाव होतं.

हात धुवायच्या जागी साबणाच्या भुकटीची पुडी लटकत होती. अश्विननं ती तोडून रुपरावला दिली, फाडा म्हणाला. रुपरावनं जोर लावला, पुडी ताणली गेली, फाटली नाही. अश्विननं ती परत घेतली, काठाला दातानं इवलीशी खाच पाडली आणि दिली. पुडी अशी फाटली की भुकटी रुपरावच्या धोतरावर सांडली.

"आता भेग कुठून सुरू झाली, ते तुमीच पाहा."

पाहायची गरज नव्हती. गुळगुळीत भागाचा काठ सगळीकडून त्या सरळ, सुंदर रेघेला जाऊन मिळत होता.

अश्विन आता चिडला होता. म्हणजे त्याचा हात चिडला होता; असा माणूस स्वतःच्या कामावर अन्याय झाला की चिडतो. तो म्हणाला, बेरिंगपाशी जिथे शाफ्ट बारीक होतो, तिथे मी कोपरा राहू देत नाही, गोलाई देतो, वरून पॉलिश पेपर मारतो, माशी बसली तर घसरली पाहिजे असं. आणि तुम्ही घरी नेऊन नेमकं तिथेच, चारी बाजूंनी, छिन्नीची रेघ मारता. तीही दुसऱ्या खेपेला जास्त खोल. म्हणून तो लवकर गेला.

"मंग बाबूलालनं..."

"बाबूलालनं काय केलं, काकाजी? ज्यानं हा मोडकाच शाफ्ट इतके दिवस चालवला, त्याच्या हाताले सलाम करा. दुसरा कोणी असता तं आधीच गेला असता."

रुपराव स्टुलावर बसला. हेमराज बाहेर जाऊन गाडीचे टायर पाहू लागला. मुलानं कुठे पाहू नये हे त्याला कळत होतं. रुपरावनं विचारलं, "अक्षर कसं वाटते तुले?"

अश्विननं तुकडा पुन्हा उजेडात धरला. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

"एक नंबर," तो म्हणाला. "असं मशीनवरही येत नाही."

नवा शाफ्ट त्यानं हातातलं काम बाजूला ठेवून करून दिला. नाव टाकायचंच असेल तर शाफ्टच्या अगदी टोकाच्या चपट्या तोंडावर टाका, तिथे ताण येत नाही, असंही सांगितलं. रुपराव म्हणाला, राहू दे.

परतीच्या वाटेवर त्याच्यापुढे दोन हिशेब होते, आणि दोन्ही त्याला नीट मांडता येत होते. नवा शाफ्ट बिननावाचा बसवायचा, तो तुटणार नाही. लोक म्हणतील रुपरावनं शेवटी पक्कं काम केलं. खुर्ची परत येईल, चहा परत येईल. खर्च काही नाही. बाबूलालवरचा डाग आपोआप फिका पडेल, पडला तर. हेमराजनं मागे वळून हेच थोडक्यात सुचवलं: लोखंड हलकं निघालं म्हणू, कोणाचंच नाव घ्यायला नको. रुपराव म्हणाला, "अश्विनचं लोखंड हलकं म्हनू? त्यानं आता माह्यासमोर जीव ओतून काम केलं." आणि घराकडे न वळता गाडी बाबूलालच्या दाराशी थांबवायला लावली.

बाबूलाल अंगणात तणसाचा दोर वळत होता. रुपरावनं गोणपाट उघडलं, तुकडे जमिनीवर मांडले आणि अश्विननं सांगितलेलं सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं, शिंपल्याच्या रेषा दाखवल्या, पुडीची गोष्टही सांगितली. बाबूलालनं दोर वळणं थांबवलं नाही. सुभद्रा दारात उभी होती. ऐकून झाल्यावर बाबूलाल म्हणाला, "मले हे इथं काहून सांगून राहिले, भाऊ? मले तं आधीच माहीत होतं का म्या नाही मोडलं."

रुपरावनं एक तुकडा उचलून पुन्हा खाली ठेवला.

"बोलले तुमी दुर्गेशच्या आवारात. साऱ्यायसमोर."

एवढंच. रुपरावनं तुकडे पुन्हा बांधले.

दुसऱ्या दिवशी दुर्गेशच्या पुंजण्यापाशी थ्रेशर जुळवलं गेलं. ढग चिमण्या सोडून पुढे सरकले होते. बाया आल्या होत्या, भारे वाहणारे आले होते. मशीन चालतं का हे पाहायला आणखी दहाजण आले होते, आणि त्यांना न चालण्याचीच जास्त आशा होती. बाबूलाल आला, पण लांब, धुऱ्यावर बसला. रुपराव ट्रॅक्टरपुढे उभा राहिला. भाषण त्याला येत नव्हतं. त्यानं तुकडे एकेक करून लोकांच्या हातात दिले.

"वाचा," तो म्हणाला. "कुठं तुटलं ते पाहा. हे बाबूलालनं नाही मोडलं. माह्या नावानं मोडलं. अश्विननं दाखवलं, म्या छिन्नी मारली तिथूनच भेग गेली. बाबूलालले जे बोललो ते खोटं होतं."

तुकडे हातोहात फिरले. ज्या माणसानं गावातल्या प्रत्येक परातीवर नाव टाकलं, त्याचं स्वतःचं नाव आज लोक तुटलेलं वाचत होते, वर रेघ एकाच्या हातात, खाली अक्षरं दुसऱ्याच्या. एक म्हातारी रेघ पाहून म्हणाली, माझ्या लेकीच्या लग्नातल्या घागरीवर अशीच आहे. दुर्गेश म्हणाला, "रुपरावभाऊच्या नावात लयच वजन हाय बाप्पा, लोखंडाले पेललं नाही." लोक हसले. रुपरावही हसला, ते हसू स्वस्तात आलेलं नव्हतं, ते दिसत होतं. आणि एक गोष्ट खरी लिहिली पाहिजे: मोठी माणसं चूक कबूल करतात तेव्हा तिचे तुकडे आधी गोळा करून झाकतात. या माणसानं ते सगळ्यांच्या हातात वाचायला दिले.

मग तो धुऱ्यापर्यंत चालत गेला आणि विळा पुढे केला. पात्यावरचं नाव घासून काढलेलं होतं. कानशीचे ताजे ओरखडे उन्हात चमकत होते. बाबूलालनं विळा घेतला, पालथा करून पाहिला.

"जागा रिकामी ठेवली, भाऊ."

"तुह्या नावासाठी ठेवली. चुरणी झाल्यावर टाकून देतो."

"खोल नका मारू," बाबूलाल म्हणाला आणि मशीनवर चढला.

ढोल फिरला. पहिली पेंढी गेली, दुसरी गेली, आणि तो जुना एकसुरी आवाज आवारभर भरून राहिला. दुर्गेशनं खुर्ची आणली. रुपराव तिच्यात बसला नाही. तो मशीनच्या बाजूला उभा राहून जाळीतून फिरणाऱ्या शाफ्टकडे पाहत होता, गुळगुळीत, कोरा, कोणाचाच नसल्यासारखा. दुर्गेशचा पुंजणा संपला, मग त्याच्या शेजारचा, मग पुढचा. मधे गेलेले दिवस भरून काढायला रुपरावनं आपला नंबर सर्वांत शेवटी लावला. पहिला पुंजणा शेजाऱ्याचा आणि दुसरा मशीनवाल्याचा, ही गावची रीत; ती त्यानं मोडली, कोणी सांगितलं नसताना.

पाऊस आला तेव्हा गावात एकच पुंजणा उभा होता. बाबूलाल ताडपत्री घेऊन धावत आला, हेमराज आला, पण वारा दोन्ही बाजूंनी होता.

आता कोणी काय भरलं ते. अश्विननं चोरीचा संशय भरला. त्याला तो कळलाच नाही, म्हणून तो फार महाग पडला नाही. बाबूलालनं न घेतलेलं देणं भरलं, डोक्यावर भारे वाहून. त्याला धानाचं माप परत मिळालं, आणि विळ्यावर नाव मिळालं, हलक्या हातानं कोरलेलं, रेघ सरळ. रुपरावनं सगळ्यांसमोर नाव भरलं आणि वर आपला पुंजणा. त्या वर्षी हटवारांच्या घरी भिजून काळपट पडलेल्या तांदळाचा भात शिजला, आणि तो तक्रार न करता जेवला.

राहिली वच्छलाबाई. तिनं रेघ आधी ओळखली आणि त्याबद्दल ओरडा खाल्ला. दुर्गेशच्या आवारात रुपरावनं अश्विनचं नाव घेतलं, तिचं घेतलं नाही. तिनं काही मागितलं नाही. नुसत्या रेघेच्या दोन तुकड्यांपैकी एक तिनं दाराला टेकण म्हणून लावला, रेघ वर करून. रुपराव येता जाता तो ओलांडतो. तेवढं एक खातं अजून उघडं आहे.